मेडिकलच्या काउंटरवरचा सल्ला
आज आईची मधुमेहाची औषधे आणायला गेलो असता मेडिकलसमोर दोन ज्येष्ठांचा वाद ऐकला. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, पण फ्रीजरपासून दूर ठेवायचे आणि सुई दरवेळी जागा बदलून टोचायची, हे डॉक्टरांनी नव्हे, तर इथल्या फार्मासिस्टताईंनी समजावले, असे आजी सांगत होत्या. काकांचे मत मात्र ठाम होते: दुकानदाराने गोळ्या द्याव्यात, सल्ला डॉक्टरांनीच द्यावा. वास्तविक २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार औषधाविषयी समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच आहे. तरीही काकांना सर्वस्वी दोष देववत नाही. पांढरा कोट फारसा कोणी घालत नसल्यामुळे काउंटरवरचा माणूस फार्मासिस्ट की मदतनीस, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे तरी कसे?