पोस्टिंग टेक्सासला, दवाखाना दुसऱ्या राज्यात
अमेरिकेत सैनिकाची पोस्टिंग कुठे होणार हे सैनिक स्वतः ठरवत नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड निकाल फिरवला आणि टेक्सासच्या लष्करी तळावरच्या सैनिक बाईला गर्भपातासाठी राज्याबाहेर जायची वेळ आली. फेब्रुवारी 2023 मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पॉलिसी आणली, प्रवासखर्च आणि 21 दिवसांपर्यंत रजा, आयव्हीएफसाठीसुद्धा, गर्भपाताचं बिल मात्र बहुतेक वेळा जिचं तिनेच भरायचं. तेवढ्यावरून रिपब्लिकन सिनेटर टबरविलने लष्करी अधिकाऱ्यांच्या शेकडो बढत्या महिनोन्‌महिने अडकवून ठेवल्या, हे मला अजिबात पटत नाही! जानेवारी 2025 मध्ये गर्भपाताचा प्रवासखर्च बंद झाला, म्हणजे आता तिकीट, हॉटेल सगळं खिशातून, तेही नव्याने भरती झालेल्या पोरीच्या पगारात.