आमची वाटचाल : आधी गोदाम, मग दुकान

मुरबाडच्या बाजारात अण्णांनी खताचं दुकान टाकलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या तोंडी मुख्यतः दोनच नावं असायची : युरिया आणि ट्रॉम्बेची सुफला. दुकानामागची कौलारू खोली हेच आमचं गोदाम. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खताची खरी विक्रीही त्याच चार महिन्यांत होते. ज्या मालाला ओल सोसत नाही, तोच माल आम्ही भर पावसात विकतो. आमचा धंदा वाढला तो हीच अडचण सोडवत सोडवत.

अण्णा आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामात घरापेक्षा गोदामाचं छप्पर आधी बघायचे. पहिली चार पैशांची बचत झाली तेव्हा दुकानाला नवी पाटी लावावी, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यांनी मात्र उंचावर जागा घेऊन पक्कं गोदाम बांधलं. जोतं रस्त्यापेक्षा वर, खाली कोबा, भिंतीत उंचावर झडपांच्या खिडक्या. खतातून सुटणारा अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून झरोके वर हवेत, हे त्यांना एका कृषी अधिकाऱ्यांनी समजावलं होतं. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन हात लांब. थप्पी बेताचीच, कारण उंच थप्पीत तळाच्या गोणीचा दगड होतो. आधी आलेला माल आधी बाहेर. हे नियम आजही तसेच आहेत.

मी धंद्यात आल्यावर यामागची कारणं वाचायला लागलो. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया पाणी ओढायला लागतो. अमोनियम सल्फेट ७९ टक्क्यांपर्यंत तग धरतं, अमोनियम नायट्रेट ५९ लाच हार मानतं. आणि युरिया व अमोनियम नायट्रेट एकत्र आले, तर हा आकडा थेट १८ वर येतो! सुफलासारख्या नायट्रोफॉस्फेट खतात नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग नायट्रेटचा असतो. म्हणून युरियाची आणि सुफलाची थप्पी आमच्याकडे कधीच एकमेकीला टेकत नाही, आणि फाटक्या गोणीतला सांडलेला माल दुसऱ्या खतात भरला जात नाही. रात्री दोन्ही कालवून ठेवलं आणि सकाळी चिखल झाला, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्याला हेच आकडे सांगतो. लोक नीट ऐकून घेतात.

चुना ही दुसरी गोष्ट. अमोनियम सल्फेट किंवा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत) ओल्या चुन्याला लागलं की डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास सुटतो, तो अमोनिया. माणसाच्या छातीला तो वाईट आणि शेतकऱ्याच्या खिशालाही, कारण जे नत्र भाताला मिळायचं ते हवेत जातं. जमिनीला द्यायचा चुना आम्ही वेगळ्या पत्र्याखाली ठेवतो. बियाणं आणि औषधं तर निराळ्याच खोलीत. पूर ओसरल्यावर गावोगाव पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) येते, ती खताच्या गोदामात ठेवू द्या म्हणून विचारणा होते. तिथे मी ठाम नकार देतो. युरिया आणि त्या पावडरीतलं क्लोरीन यांच्या संयोगातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. गावकीचं काम असलं तरी त्यासाठी दुसरी जागा शोधून देतो, गोदामाची किल्ली देत नाही.

४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात खताचा पुढचा हप्ता न्यायला आलेला जो तो मोबाइल पुढे करायचा. "शेठ, तुमच्याकडे पण अमोनियमच्याच गोण्या ना?" शेजारचे दुकानदारही धास्तावले होते. मी एकेकाला गोदामात नेऊन गोणीवरची अक्षरं वाचून दाखवली. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट हे दोन वेगळे पदार्थ. सल्फेट स्वतः पेटत नाही. शुद्ध अमोनियम नायट्रेट आपल्याकडे २०१२ च्या नियमांखाली स्फोटकांसारखं हाताळलं जातं, त्याचा परवानाच वेगळा, आणि ते आमच्या दुकानात येतच नाही. पण लोकांची भीती मला योग्य वाटली. खत आगीत सापडलं तर विषारी वायू सोडतं. नायट्रेट असलेल्या खताला ऑक्सिजन बाहेरून लागत नाही, त्यामुळे वाळू टाकून ते विझत नाही, भरपूर पाणीच लागतं. त्यानंतर आम्ही दाराबाहेर पाण्याची टाकी आणि लांब पाइप बसवला. डिझेलचा डबा, पेंढा, रिकामं बारदान यांना आत मज्जाव केला. अमोनियमचे क्षार तांब्याची तार खातात, म्हणून वायरिंग बंद नळीतून नेलं.

२०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या लेपाचा झाला, २०१८ मध्ये गोण ५० किलोवरून ४५ ची झाली आणि त्याच सुमारास खत विकताना शेतकऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचं मशीन आलं. या बदलांपैकी पाठीला सुख मिळालं ते हमालांना. आमच्या जुन्या हमालमामांनी लोखंडी आकडा कधीच टाकून दिला, कारण आकड्याने गोण फाटते. त्यांच्यासाठी हातमोजे, चष्मा आणि नळाजवळ साबण असतो. डोळ्यात खत गेलं तर पंधरा मिनिटं पाणी मारायचं, हे नव्या पोराला तेच शिकवतात. सांडलेला युरिया गुरांनी चाटला तर गुरं दगावतात, म्हणून गाडी उतरली की अंगण झाडल्याशिवाय मामा जेवायला बसत नाहीत. तो केर आम्ही गटारात न टाकता वेगळ्या गोणीत भरतो, कारण पुढे गटाराचं पाणी काळू नदीला मिळतं आणि अमोनिया माशांना मारतो.

आता धाकटा भाऊ सरळगावकडच्या शेतकऱ्यांसाठी युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं छोटं यंत्र बसवतो आहे. भाताच्या चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मध्ये एक गोळी खोचली की नत्र चिखलातच राहतं. यंत्राची शेड गोदामापासून वेगळी बांधली आहे, आणि ज्यांना बघायची असेल त्यांनी लावणी उरकल्यावर, गणपतीच्या आधी यावं. तेव्हा आम्हालाही बोलायला उसंत असते.