आज त्याला काय दिलं होतं?

गुरुवार, रात्री

संध्याकाळी सुनेचा, मानसीचा फोन आला आणि तिने विचारले, "आई, आज त्याला काय दिलं होतं?" आवाज चढलेला नव्हता, शब्दांतही काही वावगे नव्हते, आणि तरीही फोन ठेवल्यापासून माझे कशात लक्ष नाही. ओजस घरी गेल्यावर बराच वेळ येरझारा घालत होता, कानांवर हात दाबून ओरडत होता, जेवणाचे ताट त्याने सरकवून दिले, हे सगळे तिने सांगितले ते प्रश्नानंतर. मी उत्तर दिले की, तिनेच पाठवलेल्या डब्यातला वरणभात आणि दुपारी तांदळाच्या पिठाचे धिरडे. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये थोडा अविश्वास होता की तो माझ्याच कानांनी त्यात घातला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला नातवाच्या पोटात काय गेले याचा जबाब द्यावा लागावा, याचे वाईट वाटते, आणि वाईट वाटते याची थोडी लाजही वाटते. ओजस स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, म्हणून मानसीने गहू आणि दूध बंद ठेवण्याचे पथ्य घालून दिले; ते माझ्याकडून मोडले असे कधी झालेले नाही. पोळी बंद झाली, बिस्किटे बंद झाली, मग दूध, दही, ताक, पनीर. हिंगाची डबी तिने उलटी करून वाचली आणि घटकांच्या यादीत मैदा निघाला, तेव्हा मीच ती तिच्यादेखत बाजूला काढली. इतकी वर्षे फोडणीत टाकत आले त्या बांधणीच्या हिंगात हिंगाहून पीठच जास्त असते, हे मला त्या दिवशी कळले. पोळपाट वेगळा, तवा वेगळा, पिठाचे डबे वेगळे. एवढे करूनही पहिला संशय माझ्याच स्वयंपाकघरावर. हे असते तर काहीतरी बोलून वातावरण हलके केले असते. असो.

गहू आणि दुधावर हा आळ मुळात आला कसा, ते लिहून काढते, म्हणजे डोके जरा शांत होईल. १९७९ साली याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की, स्वमग्न मुलांच्या मेंदूत अफूसारखे काम करणारी नैसर्गिक द्रव्ये प्रमाणाबाहेर असावीत आणि त्यामुळे त्यांना माणसांची ओढ कमी वाटत असावी. पुढे नॉर्वेतल्या संशोधकांनी त्याला आहाराची जोड दिली: गव्हातले ग्लुटेन आणि दुधातले केसीन ही प्रथिने नीट पचली नाहीत तर त्यांचे अफूसदृश तुकडे होतात, ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचतात. कल्पना इतकी बांधेसूद आहे की, रात्र-रात्र जागणाऱ्या आईने तिचा हात धरला तर तिला दोष देता येणार नाही. पुढे २००८ मध्ये एका अभ्यासात स्वमग्न मुलांच्या लघवीत ते तुकडे शोधले गेले आणि सापडले नाहीत, ही गोष्ट मात्र आहाराच्या वर्गात कोणी सांगत नाही.

आहाराचीही परीक्षा झाली आहे. मुलाला, आईवडिलांना आणि वागणुकीची नोंद करणाऱ्यांनाही कोणत्या वेळी काय दिले हे कळू न देता फ्लोरिडात २००६ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये त्यानंतर काही वर्षांनी असे प्रयोग झाले. मुले थोडी होती, हे खरे. पण मोजमापात फरक दिसला नाही. फ्लोरिडातल्या प्रयोगात तर निकाल कळल्यानंतरही अनेक पालकांनी हे पथ्य पुढे चालू ठेवायचे ठरवले, कारण त्यांना मुलात फरक दिसला होता. हे वाचून मी पूर्वी हसले असते. आता हसू येत नाही.

त्याहून मला छळतो तो १९९४ सालचा एक अमेरिकी प्रयोग. तो स्वमग्न मुलांवरचा नव्हता, पाच ते सात वर्षांच्या अशा मुलग्यांवरचा होता ज्यांच्या आया म्हणत की, साखर खाल्ली की हा अंगात आल्यासारखा वागतो. सगळ्या मुलांना साखर नसलेले, कृत्रिम गोडीचे पेय दिले. निम्म्या आयांना खरे ते सांगितले आणि निम्म्यांना सांगितले की, मुलाला भरपूर साखर दिली आहे. ज्यांना साखर सांगितली होती त्यांना आपला मुलगा जास्त चळवळ्या दिसला. इतकेच नव्हे, तर त्या आया मुलाच्या अधिक जवळ घोटाळत राहिल्या, त्याला अधिक टोकत राहिल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना तसे दिसलेच.

मानसी संध्याकाळी दार उघडते आणि ओजसच्या चेहऱ्याकडे पाहते, तेव्हा ती काय शोधत असते? आणि मी? माझ्याकडे असताना तो जरा जोरात हसला तरी माझ्या मनात दुपारच्या जेवणाची उजळणी सुरू होते. धिरडे तो फार विशिष्ट पद्धतीने खातो: आधी बाजूची कुरकुरीत कड गोल फिरवत फिरवत संपवतो, मग मधला जाळीदार भाग उजेडाकडे धरून भोकांतून खिडकी पाहतो, आणि मऊ राहिलेला तुकडा ताटाच्या बरोबर मध्यभागी ठेवून उठतो. आज तो तुकडाही त्याने खाल्ला. आनंदाची गोष्ट आहे. पण मला आनंद होण्याआधी शंका आली की, आज असे वेगळे का?

खरे म्हणजे आज दुपारभर वरच्या मजल्यावर फरशा कापण्याचे यंत्र चालू होते. मलाच ते सहन होत नव्हते, तर त्याला काय होत असेल? कानांवर हात त्याने तिथेच ठेवले होते. मानसीने खाण्याचे विचारले, म्हणून मी खाण्याचेच सांगितले. आता वाटते की, हे सांगायला पुन्हा फोन करावा. मग वाटते की, तो बचाव वाटेल. आणि हेही खरेच की, यंत्राला दोष देताना माझ्याकडे तरी कोणता पुरावा आहे? मला ते यंत्र आवडत नाही, एवढाच.

मानसीवर अन्याय नको. दूध बंद केल्यापासून ओजस रात्री कमी उठतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे आणि ते नाकारणार नाही. फक्त त्यासाठी अफूपर्यंत जाण्याची गरज मला दिसत नाही. आपल्याकडे मोठ्या होत जाणाऱ्या कितीतरी मुलांना दुधातली साखर पचत नाही. पोट फुगते, कळ येते, जुलाब होतात. बोलणारे मूल "पोटात दुखतंय" म्हणते. ओजस स्वतःचे मनगट चावतो. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ आणि पोटाच्या इतर तक्रारी इतर मुलांपेक्षा बऱ्याच जास्त आढळतात, आणि त्या दुखण्याला आपण "बिहेविअर" म्हणतो. म्हणजे अन्नाचा वागण्याशी संबंध आहे, पुष्कळ आहे, पण तो पोटातून आहे. हे मी एकदा मानसीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, कारण काही का असेना, तो झोपतोय ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

काळजी दुसरीच आहे. ज्या मुलाचे जेवण मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या पदार्थांचे, त्यातून पोळी-तूप आणि दहीभात गेल्यावर उरले काय? नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण तिचा रंगच त्याला मंजूर नाही. ज्वारीची भाकरी खातो, तीही पापुद्रा सोलून, फक्त पापुद्रा. परदेशात ग्लुटेन नसलेल्या पावासाठी लोक मोठे पैसे मोजतात आणि आपल्याकडे भाकरी कधीचीच तशी आहे, याचा मला उगीच अभिमान वाटला होता. पण नुसत्या पापुद्र्यावर हाडे भरत नाहीत. डॉक्टरांनी मागच्या खेपेस वजनाचा तक्ता पाहून काही म्हटले नाही, नुसते पेन टेकवले. माझा मुलगा मंदार तेव्हाही मोबाईलमध्ये होता. त्याच्याविषयी नको.

रंगांचे तेवढे मला पटते. २००७ साली साउदॅम्प्टनला सामान्य मुलांवर झालेल्या प्रयोगात खाण्यातले काही कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चळवळेपणा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांवर सारखाही नव्हता, पण युरोपात २०१० पासून अशा रंगांच्या पाकिटांवर तशी सूचना छापावी लागते. आपल्या पाकिटांवर १०२, ११० असे रंगांचे बारीक आकडे असतात, ते मी भिंग घेऊन वाचते. केशरी सरबत गेले म्हणून कोणाचे काही अडत नाही.

इथवर लिहिले आणि एकदम आठवले की, मला मधुमेह निघाला तेव्हा ह्यांनी घरात काय मांडले होते. मी कशावरूनही चिडले की हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणायचे, "साखर वाढलेली दिसते." मोलकरीण न सांगता गैरहजर राहिली म्हणून चिडले, तरी साखर. ह्यांनी बँकेचे कागद हरवले म्हणून चिडले, तरी साखर. एकदा तर खरोखरच भांडण चालू असताना ग्लुकोमीटर आणून समोर ठेवला, आणि आकडा अगदी व्यवस्थित निघाला, तेव्हा मला झालेला आनंद अवर्णनीय होता. माझा राग माझा होता, कमावलेला होता, आणि तो कोणी जिलबीच्या खात्यावर टाकलेला मला चालत नव्हता.

ओजसला हे म्हणता येत नाही. त्याला राग आला की आम्ही डबे तपासतो. तो खूश झाला तरी डबेच तपासतो.

आणि आजच्या फोनच्या शेवटी मानसीने आणखी एक प्रश्न विचारला होता, जो मी वर लिहायचा टाळला: "आणि आई, तुम्ही काय खाल्लं? परवा तुमची साखर दोनशेवर होती." म्हणजे चौकशी फक्त त्याच्या पोटाची नव्हती. सूनबाईंच्या लेखी आम्ही आजी-नातू दोघेही संशयित, आणि त्यातला एक संशयित मधल्या वेळी बेसनाचा लाडू खाऊन बसलेला. हा लाडू मी फोनवर सांगितला नाही, इथेही सांगायला नको होता.

रात्री साडेनऊला मानसीने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला आहे. थेरपिस्टने सांगितलाय म्हणे. वेळ, पदार्थ, प्रमाण, वागणूक असे चार रकाने. मी त्यात झोप, शौच आणि आवाज असे तीन रकाने वाढवून परत पाठवला, आणि आवाजाच्या रकान्यात आजच्या तारखेसमोर लिहिले: फरशीचे यंत्र, दुपारी दोन ते साडेचार. तिचे उत्तर लगेच आले: "हे आधी का नाही सांगितलं? शौचाचं बरं झालं घातलंत." पाठोपाठ दुसरा निरोप आला, की शनिवारी त्याला सोडते तेव्हा तुमच्यासाठीही एक कोरा तक्ता आणते.