कागदावर निळी, दारात करडी

गाडी घ्यायला मला चार दिवस लागले. तिला परत कंपनीसारखी करायला पाच आठवडे लागले. आणि आरटीओच्या कॉम्प्युटरमधली एक ओळ काढून घ्यायला सात आठवडे. ओळ अशी होती : ‘वाहनाच्या मूळ स्वरूपात बदल आढळला’. बदल कधीचाच गेला होता. ओळ जात नव्हती.

माझं तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. वेगवान गाडीचा शौक कॉलेजपासून, ऐपत चाळिशीनंतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादहून स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आणली, २०१७ ची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्तीची ताकद, शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आत. सुपरकार नव्हे, पण आमच्या भागात हिच्यापुढं बोलेरोच. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. आदिलाबाद सोडलं, पैनगंगेचा पूल ओलांडला की घर आलंच. पुलावर काच खाली करून मी आवाज ऐकत होतो. पहिल्या मालकानं मागं मोठा सायलेन्सर बसवला होता, पुढचा कॅटवाला (धूर स्वच्छ करणारा) पाइप काढून रिकामा पाइप टाकला होता, स्प्रिंगा कापून नव्हे पण बुटक्या घालून गाडी आणखी बसवली होती, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त ताकदीसाठी ट्यून केला होता, आणि मूळच्या निळ्या रंगावर करडा मॅट रॅप, म्हणजे चिकटवायची फिल्म, चढवला होता. आरसीवर रंग निळा. मला ते दिसत नव्हतं असं नाही. वाटलं, रॅप म्हणजे कपडाच की, गाडीची कातडी थोडीच बदलली.

भाचा सोबत होता. त्याच्या डोक्यात निसान जीटी-आर. भारतात आली तेव्हा ती ५७० ताकदीची होती, लोक तिला हजारावर नेतात, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. ‘मामाजी, असली गाडी कोणी स्टॉक, कंपनीतून आली तशी, ठेवते का?’ त्याचं चूक नव्हतं. पण त्याच जगात पोर्शची ९११ जीटी३ घेणारा आधी विचारतो की काही बदललं का, आणि ‘नाही’ म्हटलं तरच पूर्ण भाव देतो. हे मला तेव्हा माहीत होतं. पाइपाच्या आवाजापुढं आठवलं नाही.

तेलंगणाची एनओसी, एनसीआरबीचा (गाडी चोरीची नाही असा) रिपोर्ट, फॉर्म २७, २९, ३०, टॅक्स, हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टॅक्स मात्र आधी हिशोबात धरा. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेव्हा १३ टक्क्यांचा दर होता. वापराच्या वर्षांचं वजा होतं, तरी आकडा बघून मी एकदा पाणी प्यालो.

मग तपासणी. ऑफिस कोणत्या जिल्ह्याचं ते लिहीत नाही, तिथं मला पुन्हा जायचं आहे. मैदानात ओळीनं ट्रॅक्टर, ऑटो, स्कूलबस, आणि मध्ये माझी करडी गाडी. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिसची पेन्सिल प्रिंट घेतली, आरसी पाहिली, गाडी पाहिली, परत आरसी पाहिली.

‘निळी कुठे आहे?’

म्हटलं, ‘आतून निळी आहे साहेब.’

ते हसले नाहीत. सेल मारायला लावला. सेल मारताच शेजारच्या ऑटोतली बाई कानावर हात ठेवून खाली उतरली. साहेब वाकून टॉर्च घेऊन खाली पाहत राहिले, मग शांतपणे मोजलं : रंग एक, सायलेन्सर दोन, स्प्रिंगा तीन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं. कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. ‘प्रत्येक’ हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. दंड केला नाही, हे मान्य करायला पाहिजे. म्हणाले, मूळ स्वरूपात आणा, मग या. आणि कॉम्प्युटरमध्ये शेरा टाकला.

त्यांचं मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

परत आल्यावर पहिली चूक केली, ती तुम्ही करू नका. ट्यूनवाल्याकडं मूळ फाइल जपून ठेवलेली होती (गाडी घेताना हे विचाराच), तर हैदराबादला जाऊन आधी ईसीयू मूळ फाइलवर आणला. आणि पाइप अजून रिकामाच! मूळ प्रोग्राम कॅट शोधतो, कॅट सापडत नाही, म्हणून आदिलाबादच्या अलीकडंच इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०४२०, कॅट नीट काम करत नाही याचा कोड. आधी लोखंड, मग प्रोग्राम. पीयूसीतही तेच. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. कॅटशिवाय तो आकडा येत नाही, आणि आलाच तर मशीनवाल्यानं आणलेला असतो.

मूळ कॅट कुठं आहे म्हणून पहिल्या मालकाला फोन केला. ‘भंगारात दिला.’ का नाही देणार? आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. भंगारवाला तोच पाइप हसत हसत घेतो. शेवटी पुण्यात एकजण सापडला. त्यानं स्वतःच्या आरएसला मोठा पाइप घातला होता आणि मूळचा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. पंचावन्न हजार घेतले. मी सुटे भाग विकणारा माणूस, घासाघीस माझा धंदा, तरी एक रुपया कमी करवला नाही. त्याच्याकडं वस्तू होती आणि माझ्याकडं शेरा होता. स्प्रिंगाही त्याच्याच ओळखीतून मिळाल्या.

रॅप मात्र घरीच काढला. एप्रिलचं ऊन, बेचाळीसच्या वर पारा, दुपारी दोन वाजता गाडी अंगणात उभी केली तर गोंद आपोआप मऊ झाला. छताला तेवढी हीट गन लागली. भाचा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं ओढत होतो. खालून निळा रंग निघत गेला, आणि खरं सांगतो, इतका सुंदर निळा झाकून त्या माणसानं करडा का केला असेल ते मला अजून कळलं नाही. आई पडवीत बसून पाहत होती. म्हणाली, ‘सापानं कात टाकल्यावानी दिसून रायली.’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निळी गाडी घेऊन परत ऑफिसात गेलो. इथून पुढं सात आठवडे.

पहिल्या खेपेला साहेब नव्हते. वायुवेग पथकात ड्यूटी, रस्त्यावर. दुसऱ्या साहेबांनी गाडी पाहिली, मान हलवली, ‘आता ओके आहे’ म्हणाले. म्हटलं, मग शेरा काढा. तर बाबू म्हणाला, ‘भाऊ, ज्यांच्या लॉगिननं टाकला त्यांच्याच लॉगिननं निघते. माझ्या हातात नाही नं ते.’ दुसऱ्या खेपेला साहेब होते, सर्व्हर नव्हता. चार वाजेपर्यंत बसलो. चार वाजता सर्व्हर आला तर साहेब पक्क्या लायसन्सच्या टेस्टला मैदानात गेले होते. तिसऱ्या खेपेला साहेब सुटीवर.

घरापासून ऑफिस साठ किलोमीटर. आणि महिना कोणता, तर मे. ट्रॅक्टरच्या दुकानाचा पूर्ण वर्षाचा धंदा मे-जूनमध्ये होतो. नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, बेअरिंग, सगळं कास्तकाराला आजच पाहिजे असते. मी इकडं बाकावर बसलो आणि तिकडं दुकानात भाच्यानं एका गिऱ्हाइकाला उलट्या आट्याचा नट दिला. तो माणूस अजून बोलत नाही.

चौथ्या खेपेला बाहेर चहाच्या टपरीवर एजंट भेटला. ‘काहून चकरा मारून रायले भाऊ? दोन हजार द्या, संध्याकाळी होऊन जाते.’ दिले नाहीत. तत्त्व वगैरे नव्हतं. पंचावन्न हजार, रॅपचे तीन दिवस, हैदराबादच्या दोन चकरा, एवढं सगळं कायद्यानं केल्यावर त्या शेवटच्या ओळीसाठी पैसे देणं मला झेपेना. ज्याला वेळेची किंमत जास्त आहे त्यानं काय करावं हे मी सांगणार नाही.

मग कळलं की दर महिन्याला आमच्याच तालुक्याला रेस्ट हाउसवर आरटीओचा कॅम्प लागतो आणि या वेळी तेच साहेब येणार आहेत. मी सकाळी आठलाच गाडी धुऊन रेस्ट हाउसच्या कडुनिंबाखाली उभी केली. साहेब आले, गाडी ओळखली, चक्क म्हणाले, ‘वा, आता कशी शोभते!’ शेरा? ‘कॅम्पला हे काम होत नाही. ऑफिसला या.’ लायसन्सची पोरं हसत होती. मी कडुनिंबाखालून घरी.

त्या दिवशी खरा राग आला, आणि रागानंच काम केलं. आधीच करायला हवं होतं ते केलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला : अमुक तारखेला शेरा, अमुक तारखेला बदल काढले, सोबत वर्कशॉपचं बिल, नवं पीयूसी, रॅपच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, चेसिस नंबरचा फोटो. खाली एक वाक्य : शेरा काढायचा नसल्यास कारण लेखी द्यावं. ऑफिसच्या भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक असतो, २०१५ चा कायदा आहे. कोणत्या कामाला किती दिवस आणि उशीर झाला तर दाद कोणाकडे, ते त्यावर लिहिलेलं असतं. इतके दिवस मी त्या फलकाखाली बसलो होतो, डोकं वर करून वाचला नव्हता. त्यावरचं अपिलाच्या अधिकाऱ्याचं पद अर्जात ‘प्रत’ म्हणून घातलं. आवक विभागात दिला, आणि माझ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. आवकवाली बाई वैतागली, पण शिक्का मारला.

पाचव्या दिवशी फोन आला. जूनचा पहिला आठवडा, मृग दारात. गेलो तर त्याच बाबूनं स्क्रीन माझ्याकडं वळवली, तीन बटणं दाबली, ओळ गेली. मी घड्याळ पाहिलं होतं : चार मिनिटं. ज्यांच्या लॉगिननं निघते म्हणाला होता ते साहेब त्याही दिवशी रस्त्यावर होते.

आता शेरा मिळालाच तर पहिल्याच दिवशी तो लेखी मागा. तोंडी शेऱ्याला आवक नंबर नसतो. ही टीप वर यायला हवी होती, पण मला ती सगळं झाल्यावर सुचली, म्हणून इथं.

आणि विमा! विसरलोच होतो. ट्यून, पाइप, स्प्रिंगा, यातलं काहीही पॉलिसीवर सांगितलं नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, अगदी त्या साहेबांसारखाच. आमच्याकडं रात्री रोही आडवा येतो, रानडुक्कर येतो; टक्कर झाल्यावर पाइपाचा हिशोब द्यायची वेळ येऊ नये. स्कोडाच्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरनं ट्यून ओळखला की टीडी१ नावाचा शेरा बसतो, तोही सहजी निघत नाही. शेऱ्यांचं एकूण असंच आहे.

मग बदल करावा की नाही? भाचा अजून विचारतो. ट्यूनची ओढ मला आठवते. समृद्धीवर, नागपूर–शिर्डी टप्पा सुरू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते, तिसऱ्या गिअरला पाठ सीटला चिकटायची. खोटं कशाला बोलू. पण तिथंही कारला मर्यादा १२० ची, आणि तेवढा वेग ही गाडी मूळ रूपात झोपेतून उठल्यासारखी गाठते. ट्यूनला ९५ ऑक्टेनचं, म्हणजे भारी पेट्रोल पाहिजे होतं. आमच्या तालुक्याच्या पंपावर तेव्हा साधंच मिळायचं, मार्चच्या उन्हातच इंजिन खडखडायला लागलं होतं. मे कसा काढला असता? मूळ स्प्रिंगांवर आता गावच्या गतिरोधकावरून आईला घेऊन जाता येतं, आधी तिला अलीकडं उतरवून पलीकडं बसवावं लागायचं. मी तरी आता काही बदलणार नाही. तुम्हाला करायचंच असेल तर मूळ एकेक नट माळ्यावर ठेवा, त्या पुणेकरासारखा.

तो मोठा सायलेन्सर दुकानात काउंटरच्या मागं टांगला आहे. परवा एक कास्तकार बराच वेळ पाहत होता. ‘हे कोणत्या ट्रॅक्टरचं आहे हो भाऊ?’ म्हटलं, कोणत्याच नाही. त्यानं हातात घेऊन वजन पाहिलं, आतून डोकावून पाहिलं, आणि म्हणाला, ‘मग एवढं भोक कायले?’