शाहूपुरीतली सकाळ
आज सकाळी आत्यांसोबत कोल्हापुरातल्या शाहूपुरीत व्यापारी पेठेत गेलो होतो. छत्रपती राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्येच सुरू झालेली असल्याने स्टेशनाजवळच बाजार वसवण्यातली त्यांची दूरदृष्टी तिथे चालताना आजही जाणवते. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, पेठेची वर्दळ मात्र टिकून आहे.

एका जुन्या घराखाली आम्ही बराच वेळ थांबलो. खाली दुकानाचे शटर नुकतेच वर गेले होते आणि वरच्या गॅलरीतून एका आजींनी दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली होती. दुकानातल्या मुलाने काही न विचारता तीत दुधाची पिशवी ठेवली आणि दोरीला हलकासा झटका दिला. आत्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणीही असंच होतं बघ."

अलीकडे अशी घरे पाडून तिथे नुसती दुकाने आणि कार्यालये उभी राहत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण रात्री शटर पडल्यावरही ज्या गल्लीत वर दिवे लागलेले असतात, तीच गल्ली मला राहती वाटते. परतताना आत्यांनी अर्धा किलो गूळ घेतला, तोही खडा चाखून पाहिल्यावरच.