कुठेच न जाणारे पक्षी

पक्षी आणि ऋतू म्हटलं की सगळ्यांना स्थलांतरच आठवतं, फ्लेमिंगो आले, बदकं आली की कॅमेरे घेऊन पळापळ. मला मात्र जे कुठेच जात नाहीत ना त्यांची जास्त गंमत वाटते.

कोकीळच घ्या. कितीतरी जणांना वाटतं हा उन्हाळ्यात कुठूनतरी येतो. येत-बित काही नाही, हिवाळाभर इथेच वडा-पिंपळावर फळं खात बसलेला असतो, फक्त गात नाही. मार्चपासून मग पहाटे अंधारातच सुरू, आणि कवींनी माफ करावं पण मे महिन्यात त्याला कूजन वगैरे म्हणवत नाही. ओरडणारा तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती नुसतं किक-किक-किक करते. अंडी घालायची कावळ्याच्या घरट्यात, त्यामुळे यांचा सगळा सीझन कावळ्याच्या सीझनला बांधलेला.

जांभळा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा तो चिमुकला पक्षी, तर रूपच बदलतो. विणीच्या दिवसांत नर नुसता चमकत असतो, ते झालं की मादीसारखा पिवळट, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. पुढे परत रंग चढायला लागला की काही दिवस अर्धवट रंगवून सोडलेल्या गेटसारखा दिसतो बिचारा.

कधी गायचं, कधी रंग बदलायचा, हे यांना कळतं कसं? 1920च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी जुंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या थंडीत बाहेर पिंजऱ्यात ठेवले आणि बल्ब लावून त्यांचा दिवस लांबवला, तर ऐन हिवाळ्यात त्यांची शरीरं विणीसाठी तयार व्हायला लागली. म्हणजे थंडी-ऊन राहिलं बाजूला, हिशोब उजेडाचा. आपल्याकडे दिवस तेवढा लहान-मोठा होत नाही, त्यामुळे पावसालाही मान आहे.

सुगरणीचं बघा ना, लांब हिरवी पाती मिळाल्याशिवाय विणणार कशाने? एरवी चिमणीसारखा दिसणारा नर पावसाच्या तोंडावर पिवळाधमक होतो आणि घरटं अर्धंच विणून त्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती आत जाऊन बघते, पसंत पडलं तरच पुढचं काम. एवढं करून ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या बाजूलाच नवीन घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी.