विष्णुक्रांता: आठवा महिना

डिसेंबरात सासवडकडच्या आमच्या बांधावरून काडेपेटीत घालून बिया आणल्या होत्या. २२ पेरल्या, आज ऑगस्टात गोरेगावच्या गच्चीवर २ रोपं जिवंत आहेत. हिशेब काही मिरवण्यासारखा नाही. पण त्यातल्या एकावर आज सकाळी ११ फुलं मोजली, म्हणून लिहायला बसले.

आधी नावाचा घोळ. विष्णुक्रांतेला शंखपुष्पीही म्हणतात, पण शंखपुष्पी म्हटलं की कुणी गोकर्ण दाखवतं, कुणी पांढरट-गुलाबी फुलांचा कॉन्व्हॉल्व्ह्युलस. माझी ती इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, जमिनीलगत पसरणारी, निळी. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून 'विष्णुक्रांता' अशी चिठ्ठी लावलेलं रोप आणलं, ते ब्राझीलकडचं ब्लू डेझ निघालं. देखणं आहे, फूल रुपयाच्या नाण्याएवढं. आपल्या हिचं फूल सेंटिमीटरभरही भरत नाही, शर्टाच्या बटणाहून लहान. निळा रंग मात्र असा की वाकून बघावंच लागतं.

बियांचं कवच टणक. पहिल्या १० तशाच पेरल्या आणि तीन आठवडे कोरड्या मातीकडे बघत बसले. उरलेल्या १२ पॉलिश पेपरवर हलक्या घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. नवव्या दिवसापासून एकेक करत ५ उगवल्या. एक गोगलगायीने खाल्लं.

मिश्रण: दोन भाग मुरूम आणि विटांचा चुरा, एक भाग लाल माती, शेणखत चिमूटभर म्हणावं इतकंच. एका रोपाला हौसेने कोकोपीट घातलं. तेच मे महिन्यात गेलं. आम्ही आठवडाभर गावाला, आणि शेजारच्या काकूंनी रोज तांब्याभर पाणी घातलं. "अगं, पानं कशी राखाडी पडली होती, तहानलेलं होतं बिचारं!" काकूंना काय बोलणार? पानं राखाडी दिसतात ती त्यांच्यावरच्या रेशमी लवेमुळे. ती लव ऊन परतवते, पाणी उडू देत नाही. उपटून बघितलं तर मूळ तपकिरी, बोटांत धरताच साल सुटून हातात आली.

उरली ३. मग जून आला. सासवड पर्जन्यछायेतलं, इथे चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पडतो. घाबरून दोन कुंड्या पाण्याच्या टाकीखाली, आडोशाला नेल्या. तिसरी जागेअभावी उघड्यावरच राहिली. तिला फक्त दोन विटांवर चढवलं, बुडाची भोकं मोठी केली आणि वर खडीचा थर दिला. आडोशातल्या दोघी उजेडासाठी लांबच लांब ताणल्या, पेरांत अंतर पडलं, एक तर मानेशी कुजली. उघड्यावरची मुसळधार पाऊस खाऊन विटेला चिकटल्यासारखी बसकी, घट्ट. तीच ही ११ फुलांची. म्हणजे हिला पावसाचं वावडं नाही, साचलेल्या पाण्याचं आहे. जुलैत आडोशातली दुसरीही बाहेर काढली. ताणलेल्या फांद्या अर्ध्यावर छाटल्या, आता बुंध्यापाशी नवे धुमारे दिसतायत.

फुलं बघायची तर सकाळीच. आज साडेसातला उमलू लागली, दुपारच्या जेवणापर्यंत मिटून चिमूटभर निळ्या कागदासारखी झाली. एकेक फूल एकाच दिवसाचं. रविवारी उशिरा उठणाऱ्यांनी हे झाड लावू नये, असं माझं मत.

पहिली बोंडं धरली आहेत. फुलाचा देठ वर होता, तो बोंड धरल्यावर खाली वळतो, त्यामुळे ती पानांआड लपतात. फुटली की बिया खडीत जातील, म्हणून फांद्यांखाली जुन्या ओढणीचा तुकडा अंथरलाय. सेक्रेटरींनी गच्चीवर कपडे वाळत घालू नका म्हणून कालच सांगितलं.